सुई आमची, पुस्तक कोणाचे?

हिंगोली तालुक्यातील एका खेड्यात, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडात, गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पाच दिवस एक निराळाच वर्ग भरला होता. पुस्तक हाताने कसे बांधावे आणि लाकडावर ठसा कोरून कागदावर कसा छापावा, हे शिकवण्याचा तो वर्ग. शिकवणारे दोघे बाहेरगावचे. शिकणारी वीस-बावीस मुलेमुली गावातली. त्यांत कुणब्याची होती, सुताराची होती, शिंप्याची होती, मातंग वस्तीतली होती, बौद्धवाड्यातली होती, एक मुलाण्याचा पोरगाही होता. आम्ही नुसते पाहावयास म्हणून गेलो आणि पाचही दिवस पोरांच्या रांगेत मांडी घालून बसलो. परत आलो तेव्हा आमच्या दोन बोटांस सुई टोचल्याच्या खुणा होत्या आणि काखेत आमच्या हाताने शिवलेली एक वाकडी वही होती.

गावच्या पारावर ह्या वर्गाची थट्टाच चालली होती. एक म्हणाला, “वही दुकानात वीस-तीस रुपयांस मिळते, तिच्यासाठी पाच दिवस घालवणारा शहाणा कोण?” दुसरा गृहस्थ पदवीधर होता. तो म्हणाला, “बापजाद्यांनी जन्मभर हातकामच केले. आता पोरे शाळेत गेली, तर तिथेही त्यांच्या हातात आरी आणि सुईच द्यायची काय?” पहिल्याच्या बोलण्यास उत्तर देणे सोपे आहे. दुसऱ्याचे बोलणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आमच्या लोकांच्या दोनशे वर्षांच्या दुःखाचा सल त्यात आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. आधी त्या शेडात काय घडले ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी ऐकून घ्यावे.

पहिला दिवस नुसत्या कागदात गेला. कागदास एक उभी जात असते, हे आमच्यासारख्या रोज कागदावर खरडणाऱ्यासही ठाऊक नव्हते. एका बाजूने दुमडला तर तो मुकाट्याने वाकतो, दुसऱ्या बाजूने दुमडला तर करकरतो आणि घडीवर तडा जातो. शिकवणारे हे समजावून सांगू लागले तोच एक पोरगा म्हणाला, “धाटावानी हाय. ज्वारीचं धाट उभं चिरतं, आडवं मोडतं.” शिकवणाऱ्यांनी पुढे बोलणे थांबवले, कारण सांगावयाचे काही उरलेच नव्हते. मोठा ताव तीनदा दुमडला की आठ पाने होतात, म्हणजे सोळा पृष्ठे. ह्यास छापखान्यात फर्मा म्हणतात. असे दहा फर्मे एकावर एक ठेवले की एकशे साठ पृष्ठांचे पुस्तक झाले. ज्या पोरास कालपर्यंत सोळाचा पाढा येत नव्हता त्याने तो दुपारपर्यंत कागदाच्या घड्यांवर मोजून पाठ केला.

दुसऱ्या दिवशी शिलाई. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर आरीने सारख्या अंतरावर भोके पाडायची, दोऱ्यास मेण चोळायचे, आणि एक फर्मा दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास असे टाक्यांनी गुंफत जावयाचे. जुने बांधणीवाले हिला जुजबंदी म्हणतात. असे शिवलेले पुस्तक उघडून जमिनीवर ठेवले तर सपाट पसरते, आणि पन्नास वर्षे हाताळले तरी त्याचे पान सुटत नाही. आजची बहुतेक जाड पुस्तके शिवलेली नसतात. त्यांच्या पाठी यंत्राने खरवडून त्यांवर गरम गोंद ओततात. गोंद दोन-चार उन्हाळ्यांत सुकून तडकतो आणि पाने गळू लागतात. बाजारातली स्वस्त वही तारेच्या दोन टाचण्यांवर उभी असते. मराठवाड्याच्या गळक्या शाळेत एक पावसाळा काढला की तारेस गंज चढतो आणि मधले पान हातात येते. वीस रुपयांत वही मिळते हे खरे, पण ती किती दिवस मिळते, हे त्या पारावरच्या शहाण्याने पाहिलेले नाही.

शिलाई चालली असता एक म्हातारी आपल्या नातीस भाकरी द्यावयास आली. थोडा वेळ उभी राहिली, मग न राहवून खाली बसली. नातीचा कागद टाक्याटाक्यास फाटत होता. म्हातारी म्हणाली, “दोरा वर वढू नगं, कागद फाटंल. त्याच्या अंगाअंगानं वढ.” शिकवणारे तोच धडा सकाळपासून देत होते. दोरा पाठीला समांतर ओढावा, काटकोनात ओढू नये, हा बांधणीतला पहिला नियम आहे. अक्षरशत्रू म्हणून जन्म काढलेल्या त्या बाईला तो गोधड्या शिवून शिवून ठाऊक झालेला. तिने नातीच्या हातून सुई घेतली आणि सहा फर्मे असे सरळ शिवून दिले की आम्ही आमची वाकडी वही हळूच मांडीखाली सरकवली. तिला आम्ही विचारले, “आजी, पुस्तक कधी हातात धरले होते?” ती म्हणाली, “धरलं की. पोराचं दप्तर उचलून ठिवताना.”

मालमसाला म्हणाल तर फारसे काही बाहेरून आले नव्हते. चिकटवण्यास गव्हाच्या पिठाची खळ. जुने लोक चिंचोके भिजवून, सोलून, वाटून त्यांचीही खळ करीत आणि ती फार घट्ट धरते. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. पण तो विषारी असल्याने मुलांच्या वर्गात घातला नव्हता, आणि ते योग्यच झाले. पुठ्ठ्यास आतून लावावयास लग्नाच्या जुन्या पत्रिका होत्या. त्यांची उणीव कोणत्याही खेड्यात कधी पडत नाही! वरून जुन्या लुगड्याचे कापड. ठशासाठी लागणारी शाई कशाची करीत, हे ऐकून तर आम्हांस नवल वाटले. जवसाचे तेल कढवून घट्ट करावयाचे आणि त्यात काजळ खलावयाचे. युरोपात १४५० च्या सुमारास योहान गुटेनबर्गाने छपाई सुरू केली तेव्हा त्याची शाईही मुळात कढवलेले तेल आणि काजळ हीच होती. जवस आमच्या रानात पिकतो, काजळ आमच्या चुलीवर धरते. ज्ञानाचे म्हणून जे जे सामान आम्ही परके समजत होतो ते निम्मे आमच्या घरातच पडलेले होते.

तिसऱ्या दिवसापासून ठसे. लाकडाच्या सपाट फळीवर चित्र काढावयाचे, जेवढे कोरे राहावयाचे तेवढे पटाशीने कोरून काढावयाचे, उरलेल्या उंच भागावर शाई फिरवून कागद दाबावयाचा. अक्षर कोरावयाचे असेल तर उलटे कोरावे लागते, हे चारदा सांगूनही निम्म्या पोरांनी सुलटेच कोरले. एका पोरीने मोठ्या हौसेने ‘हळद’ कोरली. छापल्यावर ‘दळह’ उमटले, तेही अक्षरे तोंड फिरवून बसलेली. हिंगोलीच्या बाजारात हळदीचे भाव पडल्यावर बापाच्या तोंडून जे निघते ते हेच, असे कोणीतरी म्हणाले आणि शेडात हशा पिकला. पोरगी मात्र रडली नाही. फळी पालथी करून तिने दुसऱ्या अंगावर पुन्हा कोरले. संध्याकाळी तिच्या ठशाच्या चाळीस प्रती सुतळीवर वाळत होत्या. एकसारख्या चाळीस! ज्या घरात एक गोष्ट सांगावयास माणूस पाठवावा लागतो, त्या घरातल्या पोरीने आपला शब्द एका दिवसात चाळीस ठिकाणी जाईल असा केला.

आता ह्या पुस्तकाकडे जरा नीट पाहा. पूर्वी ते कोणाकोणाच्या हातून घडत असे? चिंध्या, जुने तरट व अंबाडीचा काथ्या कुटून कागद करणारे कागजी. आमच्या मराठवाड्यात खुलताबादेजवळचा कागजीपुरा ह्याच धंद्यावरून नाव पावलेला आहे. दोरा पिंजाऱ्या-कोष्ट्यांचा, सुई आणि टाका शिंप्याचा, आरी लोहाराची, ठसा व दाबाची फळी सुताराची, जवसाचे तेल तेल्याचे, पाठीचे चामडे चर्मकारांनी कमावलेले. घोड्यांची जीन शिवणाऱ्या जिनगरांपैकी काही घरे, घोडी गेल्यावर, पुस्तके बांधू लागली. एवढ्या साऱ्या जातींचा घाम एका ग्रंथात शिवला गेला, आणि तो ग्रंथ बांधून तयार झाल्यावर ह्यांपैकी बहुतेकांनी तो उघडू नये अशी शास्त्राची आज्ञा! घर बांधावे गवंड्याने आणि उंबऱ्याबाहेर उभे राहावे गवंड्याने, तसला हा न्याय. कित्येक पिढ्या आमच्या लोकांनी तो मुकाट्याने सोसला, कारण पुस्तक ही आपल्याच हाताची वस्तू आहे हे कोणी त्यांस दाखवून दिले नाही.

आणि हे हिंगोली जिल्ह्यात विसरले जावे ही आणखी लाजेची गोष्ट. ह्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाते. लोक त्यास नरसी नामदेव असेच म्हणतात. परंपरेने त्यांचे जन्मवर्ष १२७० सांगतात. नामदेव जातीने शिंपी. पण ते पंजाबात गेले तेव्हा तिकडच्या लोकांनी त्यांस छीपा म्हणून ओळखले, आणि छीपा म्हणजे लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापणारा. इकडे सुई, तिकडे ठसा. त्या शेडात पोरे जी दोन हत्यारे चालवीत होती ती दोन्ही ह्या एका माणसाच्या नावाशी बांधलेली आहेत. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे सुई-ठशाच्या धंद्यातील माणसाचा शब्द एका धर्माच्या मुख्य ग्रंथात मानाने बसला आणि तो ग्रंथ तिकडे आज राजासारखा चवरीखाली असतो. नरसीस यात्रेला जाणारे आमचे किती लोक हे मुलांस सांगतात? नारळ फोडतात, प्रसाद घेतात, परततात. असो.

छपाईची कला महाराष्ट्रात रुजली ती कोणाच्या हातून, हेही आमच्या पोरांस शाळेत नीट सांगितले जात नाही. बव्हेरियातील आलॉयस सेनेफेल्डर ह्याने १७९६ च्या सुमारास शिळाछापाची युक्ती काढली: गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहावे, दगड ओला करावा, मग छपाईची शाई फक्त लिहिल्या जागी धरते, कारण तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातले काम पाहून गणपत कृष्णाजी ह्या भंडारी जातीच्या गृहस्थाने ती विद्या उचलली. शाळा नाही, गुरू नाही, परवाना नाही. लाकडी यंत्र स्वतः जुळवले, दगड मिळवले, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून बाजारात आणले. छापील शाईत चरबी असते म्हणून कर्मठ लोक नाक मुरडतील, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले असे सांगतात. मौज पाहा! तिथी-नक्षत्रे सांगण्याचा हक्क ज्यांनी आपल्या घरी कुलूपबंद ठेवला होता, त्यांनाच पुढे भंडाऱ्याने छापलेले पंचांग विकत घेऊन तिथी पाहावी लागली. पुढे गणपत कृष्णाजींनी शिशाचे खिळेही स्वतः पाडले.

दुसरे नाव जावजी दादाजी ह्यांचे. १८३९ चा जन्म, घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मराठ्याचा पोर मिशनच्या छापखान्यात खिळे घासावयास लागला. खिळे घासता घासता त्यास खिळा कळला. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू ह्यांनी अक्षरांचे साचे असे कोरले की निर्णयसागरचे वळण साऱ्या हिंदुस्थानात नमुन्याचे ठरले. वेद, काव्ये, शास्त्रे ह्यांच्या शुद्ध आवृत्त्या पाहिजेत तर काशीच्या पंडितानेही मुंबईच्या ह्या छापखान्याकडे पाहावे, अशी पाळी आली. १८९२ साली जावजी वारले. आम्ही विचारतो, जावजींस खिळा घासण्याच्या कामातच ठेवले असते तर? आणि खिळा घासावयास न बसवता नुसते दोन बुके शिकवून कारकून केले असते तर? दोन्ही मार्गांनी निर्णयसागर निघाला नसता. हात आणि अक्षर ह्यांची एकाच माणसात गाठ पडली म्हणून तो निघाला.

आमच्या चळवळीच्या पुढाऱ्यांनी हे ओळखले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढला. त्यांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील ह्यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पत्रासाठी आपला छापखाना उभा केला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द छापावयाचा म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरावयाचे. तो केव्हा दोर ओढून घेईल ह्याचा नेम नाही.

वहीचे तर आमच्या शेतकऱ्याशी रक्ताचे वैर. सावकाराची वही! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यास बाजारच्या दिवशी शेतकरी उठले आणि सावकारांची खते व वह्या काढून त्यांची होळी केली. तेथून ते लोण पुणे-नगर भागातल्या गावोगाव पसरले. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. जे वाचता येत नाही आणि ज्यात आपलेच नाव बांधलेले आहे, त्याचा दुसरा उपाय त्यांस सुचला नाही. १८७९ साली सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि कर्जदारास पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. हिंगोली तेव्हा निजामच्या राज्यात. येथे तोही कायदा नव्हता. कागद दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे काय होते हे आमच्या आज्या-पणज्यांस कोणी व्याख्यान देऊन सांगावयाची गरज नव्हती.

ही जुनी कथा झाली म्हणाल तर अगदी अलीकडची सांगतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जुन्या कागदांचा एकच शोध सुरू झाला. खासरा पत्रके, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरे, मोडीतले आणि उर्दूतले गठ्ठे. कोणास काय मिळावे आणि कोणाच्या वाट्यातून मिळावे, ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. त्यावर आमच्या वाचकांची घरोघर निरनिराळी मते आहेत. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या माणसांनी पाहिली. आजोबाचे नाव ज्या पानावर असावे ते पान कसरीने खाल्लेले, पाण्याने चिकटलेले, किंवा पाठ सुटून गहाळ झालेले. आमच्या ओळखीच्या एका घरात तर पणजोबाच्या नावाचे रजिस्टर सापडले आणि नेमके तेच पान अर्धे निघाले. ते जेथे होते त्या कचेरीचे नाव आम्ही घेत नाही. तसल्या कचेऱ्या पुष्कळ आहेत. सुई-दोरा आणि दोन आण्यांची खळ वेळीच मिळाली असती तर त्या घराचे जे व्हावयाचे ते निदान कागदाअभावी थांबले नसते.

आता पारावरच्या त्या पदवीधराच्या प्रश्नाकडे वळू. हातकामाच्या शिक्षणाच्या नावाने आमची फसवणूक झालेली आहे, हे त्याचे म्हणणे आम्हांस शंभर हिश्श्यांनी मान्य आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी ह्यांनी योजना काढली की प्राथमिक शाळेतील मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि अर्धा वेळ बापाचा धंदा शिकावा. न्हाव्याच्या पोराने वस्तरा, धोब्याच्या पोराने घाट, आणि ज्यांच्या बापाचा धंदाच पुस्तक त्यांनी दोन्ही वेळ पुस्तक! पेरियार रामस्वामींनी आणि तेथील ब्राह्मणेतर जनतेने तिच्याविरुद्ध रान उठवले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गुंडाळावी लागली. ते योग्यच झाले. तसले हातकाम कोणी पुन्हा आणू पाहील तर आम्ही त्याच्या आडवे पहिल्याने पडू. जोतीराव फुल्यांनीही १८८२ साली हंटर कमिशनपुढे शेतीचे ज्ञान शाळेत द्या म्हणून मागितले, पण त्याआधी लिहिणे, वाचणे आणि हिशेब मागितला. एकाच्या बदल्यात दुसरे नव्हे.

पण त्या शेडात जे चालले होते ते ह्याच्या नेमके उलट होते. तेथे सुताराची पोरगी शिवत होती आणि शिंप्याचा पोर पटाशी चालवीत होता. मातंग वस्तीतल्या मुलाने कातडी पाठीचे पुस्तक बांधले आणि कुणब्याच्या मुलाने त्यास खळ कालवून दिली. कोणाचा बाप काय करतो हे तेथे कोणी विचारले नाही. एकेका मुलाने कागदापासून ठशापर्यंत सारे केले. ज्या कामाच्या पूर्वी दहा जाती पाडल्या होत्या ते दहाही तुकडे एका पोराच्या दोन हातांत आले. आणि हातात जे तयार झाले ते लिहिण्या-वाचण्याचेच साधन. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणारे शिक्षण आणि हे शिक्षण ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अट एकच: वकिलाच्या, डॉक्टरच्या, अडत्याच्या आणि गुरुजींच्या पोरांनीही त्याच रांगेत बसून बोटे टोचून घेतली पाहिजेत. त्यांची पोरे शिकवणीस आणि आमची पोरे पत्र्याच्या शेडात, असे झाले तर तो पदवीधर खरा ठरेल आणि आम्ही खोटे ठरू.

ही अट पुरी करण्याची सोय सरकारच्याच कागदावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे असे त्यात आहे. आमचे हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ ह्या पाचही तालुक्यांतील शाळांना सांगणे आहे की हे दहा दिवस सहलीत आणि फोटोत घालवू नका. दप्तर घरी ठेवून आलेल्या पोरांकडून दप्तरातले पुस्तकच शिवून घ्या. सरकारी शाळेत आणि फी घेणाऱ्या शाळेत, दोन्हीकडे. शिकवावयास गावातला शिंपी बोलवा, सुतार बोलवा, ती गोधडीवाली म्हातारी बोलवा, आणि त्यांस फुकट राबवू नका. मास्तरास तासाचे जे मिळते ते त्यांस द्या. शाळेच्या ग्रंथालयात पाठ सुटलेली पुस्तके ढिगाने पडलेली असतात. पहिला धडा त्यांच्यावरच गिरवावा.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तो आमचा मराठवाडा मुक्तिदिनच होय. तिच्यात १८ धंदे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, न्हावी, परीट, टोपल्या विणणारे वगैरे. पाच-सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये अशी तिची मांडणी. त्या यादीत पुस्तक बांधणारा नाही आणि ठसे कोरून छापणाराही नाही. फुलांचे हार करणारा आहे. त्याचे आम्हांस समाधानच आहे. पण देवाच्या गळ्यातल्या हारास कारागिरी म्हणावयाचे आणि ग्रंथ शिवणाऱ्यास मोजावयाचेच नाही, हे कोडे आम्हांस उलगडत नाही. आमच्या खासदार-आमदारांनी हे तेथे विचारावे. निवडणुकीत त्यांचे जाहीरनामे छापून झाले की त्यांस छापखान्याची आठवण राहत नाही, हे आम्ही जाणून आहोत. तरीही विचारावे.

धंदा म्हणून ह्यात किती पैसा आहे, असे वाचक विचारतील. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. यंत्रापुढे हाताने शिवलेली साधी वही स्वस्त पडणार नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत हातकागदाच्या, ठसे उमटवलेल्या वह्या चांगल्या किमतीस जातात हे खरे. पण ती किंमत दुकानदाराच्या गल्ल्यात जाते की शिवणाऱ्याच्या पदरात, हे आधी पाहावे. बायकांच्या बचत गटांनी उतरावयाचे तर एकट्या-दुकट्याने न उतरता मिळून उतरावे, भाव स्वतः ठरवावा आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर शिवणारीचे नाव छापावे. शाळेच्या हजेरीपटांची, ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरांची, भजनी मंडळांच्या बाडांची डागडुजी हे काम मात्र घरबसल्या मिळण्यासारखे आहे आणि ते यंत्रास करता येत नाही.

बाडांवरून आठवले. पुष्कळ घरी आजोबांच्या हातची अभंगांची बाडे, जमिनीचे जुने कागद, सोसायटीची पासबुके गाठोड्यात पडलेली असतात. जीर्ण झाली म्हणून कोणी ती नदीत सोडतात, कोणी माळ्यावर उंदरांस देतात. असे करू नये. कडक उन्हात वाळत घालू नये, सावलीत वाऱ्यावर पसरावीत. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सुटी पाने मोजून, क्रम बदलू न देता, स्वच्छ सुती फडक्यात बांधावीत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, आत दमट होऊन बुरशी धरते. आणि दुकानातली पारदर्शक चिकटपट्टी फाटक्या पानावर कदापि लावू नये. चार-सहा वर्षांत ती पिवळी पडते आणि तिच्याखालचे अक्षर घेऊनच निघते. त्या शेडातल्या पोरांनी शेवटच्या दिवशी गावच्या भजनी मंडळाचे एक बाड असेच उघडून, पुसून, नव्याने शिवून दिले. दोन पाने कमी भरली. ती कोणाच्या घरी असतील तर शोधून आणावीत, असे मंडळाच्या बुवांनी दुसऱ्या दिवशी पारावर सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत एक पान आले.